पुढे म्हन, सविता

३ नोव्हेंबर, सोमवार

डोकं फिरलंय म्हणून लिहायला बसलेय. बोलून दाखवलं तर भांडण होईल, आणि भांडायला समोर फक्त शिल्पाचे पप्पा आहेत. त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही.

काल शिल्पाच्या होणाऱ्या सासरची मंडळी धुळ्याहून एरंडोलला आली. तारीख ठरली, एक मार्च. लग्न धुळ्यातच, त्यांच्या ओळखीच्या लॉनवर. प्रशील मुलगा गोड आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. चहा झाल्यावर शिल्पानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "लग्नात त्रिसरण-पंचशील मला मम्मीच देणार. लग्न मम्मीच लावणार."

माझं काळीज सुपाएवढं झालं. पण प्रशीलचे वडील रतिलालभाऊ पडले निवृत्त मुख्याध्यापक. चष्मा पुसत म्हणाले, "ताई, तुमचा आवाज चांगला आहे, ऐकलंय मी. पण आमच्याकडून प्राध्यापक मंडळी येणार. पालीचं एखादं सर्टिफिकेट असतं तर गोष्ट वेगळी. नाहीतर तुमचे नाना आहेतच की."

नाना म्हणजे भाईदास नाना, माझे चुलतसासरे. आमच्या वस्तीतली सगळी लग्नं आजवर त्यांनीच लावली. मी विचारलं, "नानांकडे कोणतं सर्टिफिकेट आहे?" शिल्पाच्या पप्पांनी खालून माझ्या पायावर पाय ठेवला. नाना मात्र हसत होते. काय समजून हसत होते कोण जाणे.

माझ्या लग्नात मी मान खाली घालून जे जे म्हटलं, त्यातल्या एका शब्दाचा अर्थ मला माहीत नव्हता. नंतर सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "ते म्हननं ऱ्हास, इचारनं नई ऱ्हास." म्हणायचं असतं, विचारायचं नसतं. शिल्पा असं लग्न करणार नाही. सर्टिफिकेट पाहिजे ना त्यांना? आणते. पुण्याच्या एका संस्थेचा ऑनलाइन पाली वर्ग आहे, नाव घातलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

पहिला वर्ग. घरी नेट येत नाही, म्हणून दवाखान्यातच थांबले. आमचा दवाखाना जनावरांचा, मी तिथे परिचर. पाच वाजता डॉक्टरसाहेब गेले, मी औषधांच्या कपाटाला टेकवून मोबाइल उभा केला आणि समोर स्टूल ओढून बसले. तेवढ्यात पोट फुगलेली एक म्हैस घेऊन एक जण आला. साहेबांना फोन करून परत बोलावलं. म्हैस अशी काही ओरडली की मोबाइलमधून मॅडम म्हणाल्या, "कृपया सगळ्यांनी माइक बंद ठेवा." मग सगळ्यांचेच माइक बंद झाले ते शेवटपर्यंत.

मॅडमनी पडद्यावर उदाहरण म्हणून त्रिसरण लावलं आणि त्याची ध्वनिफीत सुरू केली. माझे हात आपोआप जोडले गेले. चपला काढल्या आणि उभी राहिले. कॅमेऱ्यात म्हणे माझं पोट आणि दवाखान्याचा ॲप्रन तेवढा दिसत होता. पुण्याच्या कुणा सॉफ्टवेअरवाल्यानं लिहिलं, "कोणाची तरी स्क्रीन झाकली गेली आहे." मॅडम प्रेमानं म्हणाल्या, "सविताजी, बसा, हे फक्त उदाहरण आहे."

मी माइक चालू केला आणि म्हटलं, "मॅडम, तुमच्यासाठी असेल." आणि ध्वनिफीत संपेपर्यंत उभी राहिले. घरी येताना जरा वाटलं, पहिल्याच दिवशी आगाऊपणा झाला का. झाला असेल तर झाला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज इतकं छान वाटतंय! इतकी वर्षं पंचशील म्हणतेय आणि मला वाटायचं ती मनाई आहे. हे करू नका, ते करू नका. आज मॅडमनी एकेक शब्द सुटा करून सांगितला. कुणी हुकूम करत नाहीये त्यात. मी स्वतः होऊन नेम घेतेय, शिकण्यासाठी घेतेय, असं आहे ते. मी उभ्या उभ्या रडले. मग गोठ्याकडची फरशी धुतली आणि धुता धुता तेच परत म्हटलं.

वर्ग संपतोय तोच नाना हजर. बरोबर बकरी. "बकरी खाई नई ऱ्हायनी," म्हणाले. बकरी दारातल्या कडुलिंबाचा पाला ओरबाडून खात होती. मी म्हटलं, "नाना, ही बकरी चांगली शे. तुम्ही कसाले इले आनतस?" नाना सरळ स्टुलावर बसले आणि विचारलं, "तुन्ही मॅडमनी काय शिकाडं आज?"

मी सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सुरुवातपाईन म्हन. सावकाश." मी म्हटलं. "अजून एकदाव म्हन." पुन्हा म्हटलं. ओठ हलवत ऐकत होते, माझी चूक कुठे सापडते ते बघत. सापडली नाही. उठताना म्हणतात, "भागा, सोमवारले येस मी."

भागा म्हणजे माझ्या सासूबाई, भागाबाई. त्यांना जाऊन पाच वर्षं झाली. मला सासूच्या नावानं हाक मारायची म्हणजे, तू पण तिच्यासारखीच अडाणी, असंच ना? बकरीला जंताचं औषध पाजून पाठवलं, निदान तिची फेरी तरी फुकट जायला नको.

४ डिसेंबर, गुरुवार

पौर्णिमा. विहारात वंदनेला सगळी वस्ती. नाना पुढे बसून म्हणत होते. मधेच थांबले. सगळे मागे म्हणायला तोंड उघडून बसलेले, आणि हे गप्प. मग मान वळवून बायकांमध्ये बघितलं आणि म्हणाले, "पुढे म्हन, सविता."

भर विहारात परीक्षा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण अशी संधी कोण सोडतं? बसल्या जागेवरून खणखणीत म्हटलं, शेवटपर्यंत म्हटलं. बायका खूश. नानांनी डोळे मिटून घेतले होते. संपल्यावर शाबासकी दूरच, उठून सरळ चपला शोधायला गेले. दुसऱ्याच कुणाच्या घालून गेले, इतके चिडले होते.

१९ डिसेंबर, शुक्रवार

वर्गाचं खरं सांगायचं तर अर्धं प्रेम आहे, अर्धा संताप. मॅडम हुशार, मन लावून शिकवतात. पण पडद्यावर सगळं इंग्रजीत, बोलणं हिंदीत, आणि मराठीत शंका विचारली की "वेळ कमी आहे, ग्रुपवर टाका." ग्रुपवर टाकलं की तिथे लोक एकमेकांना शुभ सकाळ करत असतात.

आज ग्रुपवर चर्चा रंगली. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, या कोर्सात संभाषणाचा सराव नाही. जळगावच्या रूपा मॅडम, कॉलेजात इतिहास शिकवतात, त्यांनी लिहिलं, "पाली आता कुठे कोण बोलतं? संभाषण करणार कुणाशी?" मला राहवलं नाही. मी लिहिलं, "आमच्याकडे बाळाचं नाव ठेवताना, लग्नात, माणूस गेल्यावर आणि दर रविवारी सकाळी बोलतात. या कधी एरंडोलला." थोड्या वेळानं रूपा मॅडमचा फोन आला. मला वाटलं रागावल्या. त्या म्हणाल्या, "सविताताई, खरंच येऊ का?" म्हटलं, या, पण बकरीवाले नाना भेटले तर त्यांच्याशी तुम्हीच बोला, माझी सहनशक्ती संपलीय.

कारण सोमवार आणि शुक्रवार, दोन्ही दिवस येतात आता. बकरी आणायचंही सोडलं. "म्हन" म्हणतात आणि बसतात.

१८ जानेवारी, रविवार

आज शेजारच्या निळ्या घरी बाळाचं नाव ठेवलं. नानांनी तिथेही तेच केलं. दुसऱ्या शीलावर आले, थांबले, पुन्हा पहिलं म्हटलं. लोकांनीही पुन्हा पहिलं म्हटलं, आपल्याकडे कोण शंका घेतं! मग माझ्याकडे बोट, "पुढे म्हन, सविता."

मी म्हटलं पुढचं. पण परतीच्या वाटेवर शिल्पाच्या पप्पांवर तोंडसुख घेतलं. म्हटलं, तुमच्या काकांना सून पुढे गेलेली बघवत नाही. चारचौघांत मुद्दाम अडवून बघतात, कुठे चुकते म्हणून. ते एवढंच म्हणाले, "नानासले आजकाल चाळीसगाव रोडनी वाट बी उलटी सापडस." मी म्हटलं, विषय बदलू नका.

५ फेब्रुवारी, गुरुवार

तोंडी परीक्षा. तीन परीक्षक पडद्यावर, मी दवाखान्यात, दार लावून. म्हणायला सांगितलेलं म्हटलं. मग अर्थ विचारला. मी मराठीत सुरू केला. एक परीक्षक म्हणाले, "हिंदी या इंग्रजी." मी म्हटलं, सर, ज्यांना मी हे सांगणार आहे ते हिंदीही बोलत नाहीत, इंग्रजीही नाही. ते म्हणाले नियम आहे. मी म्हटलं, नियम आहे ते कळलं, पण अर्थ मी मराठीतच सांगणार. आणि सांगितला. अर्धा अहिराणीत गेला, कारण जीव ओतून बोलायला लागले की माझी भाषा तिकडेच जाते. परीक्षकांमधल्या बाई हसत होत्या, चांगलं हसत होत्या. सर लिहीत होते.

मला हिंदी येते. न येण्यासारखं काय आहे त्यात? मोडकीतोडकी बोलून उरकता आलं असतं. घरी आल्यावर शिल्पाचा तिच्या नोकरीच्या गावाहून फोन, "मम्मी, एक दिवस हिंदी बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?" या प्रश्नावर मी संध्याकाळपासून विचार करतेय. बिघडलं काहीच नसतं. पण मी बोलले नसते.

१४ फेब्रुवारी, शनिवार

निकाल. लेखी उत्तीर्ण. तोंडी, "माध्यमाचा नियम पाळला नाही." सर्टिफिकेट नाही. जूनमध्ये पुन्हा बसा. लग्न मार्चमध्ये आणि हे जूनचं सांगतात.

त्यातून संस्थेचा निरोप, सगळ्यांनी कोर्सबद्दल अभिप्राय लिहा आणि तारे द्या. सॉफ्टवेअरवाल्यानं दोन दिले. रूपा मॅडमनी चार, "रेकॉर्डिंग उत्तम, वेग जास्त." कुणी कुणी पाचावर पाच देऊन फुलांचं चित्र टाकलं. मी लिहिलं:

"मॅडम मनापासून शिकवतात. इथे जे अर्थ कळले ते मला जन्मभर पुरतील, त्याबद्दल हात जोडते. पण एवढी माणसं भाषा शिकायला बसवायची आणि सगळ्यांचे माइक बंद ठेवायचे, हे मला पटलं नाही. मला मोठ्यानं म्हणायला लावलं ते आमच्या घरच्या एका म्हाताऱ्या माणसानं, तेही मला छळायला. आणि ज्यांच्या घरात ही भाषा रोज म्हटली जाते, त्यांच्याच बोलीत अर्थ सांगितला तर नापास करता. तारे तीन. चौथा परीक्षा मराठीत घ्याल तेव्हा देईन."

दुपारी बघितलं तर काढून टाकलेलं. पुन्हा टाकलं. पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा टाकलं तेव्हा रूपा मॅडमनी खाली लिहिलं, "सहमत." मग सॉफ्टवेअरवाल्यानं. मग आणखी कुणी कुणी. आता आहे तिथेच.

१५ फेब्रुवारी, रविवार

रतिलालभाऊंना फोन करून मीच सांगितलं, कानावर दुसऱ्याकडून जायला नको. ते गोड बोलले. "असू द्या ताई, प्रयत्न केलात हेच मोठं. नाना लावतील." शिल्पा रडली. म्हणाली, मी सासऱ्यांशी भांडते. मी तिला थांबवलं. लग्नाआधीच तिनं त्या घरात वाईट कशाला व्हायचं? भांडायला मी आहे.

तडक नानांकडे गेले. ओसरीवर एकटे बसले होते. म्हटलं, "नाना, तुम्ही नाही म्हणा. तुम्ही नाही म्हटलं तर ते मलाच विचारतील. माझ्या पोरीची इच्छा आहे."

त्यांनी सरकून मला बसायला जागा केली. मग म्हणाले, "मीच लावसू, सविता. माले लावू दे. एवढं एक."

"आजवर इतकी लावली, पोट भरलं नाही?"

"तू मन्हा जोडे उभी ऱ्हाय," म्हणाले. "मन्हा जोडे. लांब नको."

म्हटलं, कशाला, हार धरायला? आणि उठून आले. सासऱ्याशी असं बोलणारी मी वस्तीतली पहिली सून असेन. त्यांच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं दिसलं. म्हाताऱ्या माणसांचे डोळे तसेही पाणावतात. मी विरघळणार नाही.

२ मार्च, सोमवार

काल लग्न झालं. सगळं जसं झालं तसं लिहिते, नाहीतर लोक आपापल्या परीनं सांगत बसतील.

लॉन मोठं, माणसं भरपूर, प्राध्यापक मंडळी पहिल्या रांगेत कोचावर. शिल्पा पांढऱ्या साडीत इतकी सुंदर दिसत होती की मला तिच्याकडे बघवेना. मी नानांच्या शेजारी उभी होते. राग होताच, पण जवळ उभं राहा म्हणाले होते, आणि मुलीची आई म्हणून जागाही तीच होती.

नानांनी मेणबत्ती लावली, माइक हातात घेतला. आवाज पहिल्यासारखाच भरदार. त्रिसरण झालं. पहिलं शील झालं, दुसरं झालं. मग थांबले. मग पुन्हा दुसरं. शिल्पानं आणि प्रशीलनं पुन्हा म्हटलं, अख्ख्या मंडपानं म्हटलं. मग पुन्हा थांबले. मग तिसऱ्यांदा दुसरंच सुरू केलं आणि अर्ध्यात सोडलं.

आता मंडप मागून म्हणेना. मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी हसलं. कोचावरचे एक सर शेजारच्याच्या कानाला लागले. रतिलालभाऊ स्टेजवर यायला उठले. नानांनी माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाले, "पुढे म्हन, सविता."

इतके महिने हेच शब्द ऐकतेय. पण इतक्या जवळून त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते. तिथे परीक्षा घेणारं कुणी नव्हतं. घाबरलेला एक माणूस होता, आणि त्याला पुढचं काही म्हणजे काहीच आठवत नव्हतं. तो मला विचारत होता. विहारात विचारत होता, बाळाच्या नावाच्या वेळी विचारत होता, दवाखान्यात स्टुलावर बसून ओठ हलवत पाठ करत होता, आणि मी त्याच्या बकरीला जंताचं औषध पाजलं.

रडू आलं नाही मला. राग आला. हसणाऱ्याचा, कोचावरच्यांचा, उठून येणाऱ्या रतिलालभाऊंचा, आणि सगळ्यात जास्त माझा. मी नानांच्या हातावर हात ठेवून माइक माझ्याकडे वळवला. माइक त्यांच्याच हातात राहू दिला.

"बठ्ठा लोके ऐका," मी म्हटलं. "नाना इसरनात नई. नाना मन्ही परीक्षा लेतस. कितला दिनपाईन लेतस, आज बी लेतस. जेले सर्टिफिकेट जोयजे त्यानी नानासले इचारा, सविता पास शे का नापास."

रतिलालभाऊ दोन पायऱ्या चढून तिथेच थांबले. नानांनी मान हलवली. मोठ्यानं म्हणाले, "पास शे."

मग मी तिसरं शील दिलं. मग चौथं, खोटं न बोलण्याचं. नुकतीच मी माइकवरून सगळ्या धुळ्याला खोटं सांगितलं होतं आणि माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही. पाचवंही दिलं. मग शिल्पाकडे आणि प्रशीलकडे बघून प्रत्येकाचा अर्थ सांगितला, आपल्या भाषेत. हा हुकूम नाही, तुम्ही स्वतः होऊन घेताय, शिकण्यासाठी घेताय, चुकलात तर पुन्हा घ्या. शिल्पा रडत रडत हसत होती. शेवटी मंगलगाथा म्हटल्या. नाना माझ्या मागून म्हणत होते, मंडपातल्या बाकीच्यांसारखे, शब्दामागे शब्द. फुलं पडली.

जेवताना रतिलालभाऊ मला वाढायला आले. काहीतरी बोलणार होते. मी म्हटलं, "भाऊ, वरण वाढा." त्यांनी वाढलं.

संध्याकाळी टेम्पो ट्रॅव्हलरनं निघालो. शिल्पाची जागा रिकामी. नाना माझ्या शेजारी खिडकीशी बसले होते, फेट्याला फुलाच्या पाकळ्या अडकलेल्या. पारोळा ओलांडलं तसे माझ्याकडे वळले आणि काळजीनं लग्नाची तारीख विचारली, "सविता, शिल्पानं लगीन कव्हय शे व?"

पुढच्या सीटवरून शिल्पाच्या पप्पांनी मागे वळून बघितलं. मी त्यांना नजरेनंच गप्प केलं.

"व्हई गयं, नाना," मी म्हटलं. "तुम्हीच त लाई दिन्हं."

"चांगलं व्हयनं का?"

"एक नंबर व्हयनं."

नाना खूश झाले. डोकं सीटला टेकवून डोळे मिटले. हे मी आता सगळ्या एरंडोलला सांगणार आहे, शिल्पाचं लग्न भाईदास नानांनी लावलं. खोटं आहे म्हणून कुणी माझ्या तोंडावर येऊन सांगून बघावं.